रामरावजींच्या हॉलमधला अर्धा दिवा

१

सोमवारी दुपारी रामरावजींनी देवघराखालचा खण उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मखमलीची डबी जागेवर होती, डबीत कापूसही होता. पाटल्या तेवढ्या नव्हत्या.

त्या त्यांच्या बायकोच्या पाटल्या. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. शनिवारी रात्री त्यांनी त्या शेवटच्या पाहिल्या होत्या, तेही घरच्यांदेखत. "ह्या अंकुरच्या बायकोच्या हातात घालीन," असं तेव्हा जाहीर करून डबी पुन्हा खणात ठेवली होती. अंकुर त्यांचा धाकटा मुलगा. रविवारी वरूडला त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, अख्खं घर सकाळपासून रात्रीपर्यंत तिकडेच होतं.

अर्ध्या तासात घर उलटंपालटं झालं, तासाभरात कॉलनीला कळलं आणि संध्याकाळपर्यंत चोराचं नावही निघालं. चोर सापडायला वेळ लागतो, नाव सापडायला अजिबात लागत नाही. नाव निघालं सुभद्राबाईंचं.

सुभद्राबाई वीस वर्षं अमरावतीतल्या त्या कॉलनीत हार-फुलं देत. रामरावजींचं कुटुंब बाहेरगावी गेलं की अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं कामही त्यांच्याकडे असे, आणि अडीअडचणीला म्हणून घराची किल्लीही. शिवाय अंकुरच्या मोबाईलमध्ये पुरावा होता. हॉलमधल्या पंख्याखालच्या दिव्याला एक स्मार्ट डिमर बसवलेलं होतं, म्हणजे मोबाईलवरून दिवा कमी-जास्त करायचं बटण. त्या दिव्याची सगळी नोंद मोबाईलमध्ये राही. नोंद सांगत होती की रविवारी दुपारी २:१४ वाजता, घराला कुलूप असताना, हॉलमधला दिवा लागला.

अंकुरनं ही नोंद फाटकात उभं राहून चार बायांना दाखवली. मंगळवारी सकाळी निम्म्या घरांनी सुभद्राबाईंना "उद्यापासून फुलं नको" म्हणून सांगितलं. बाई घरी आल्या, टोपली कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. रडल्यासुद्धा नाहीत.

त्यांची मुलगी दीपमाला दारात उभी राहून ते बघत होती. तिचं नाव दीपमाला आणि धंदाही विजेचाच, त्यामुळे गिऱ्हाइकं तिला चिडवायची. अकोल्याला शिकून आलेली, वायरमनचं लायसन असलेली ती पोरगी मुळातच एका जागी पाच मिनिटं टिकायची नाही. त्या दिवशी तर तिच्या पायांना भिंगरीच लागली. कारण रामरावजींच्या हॉलमधलं ते डिमर तिनंच बसवलं होतं. तिच्या हातचं काम तिच्याच आईविरुद्ध साक्ष देत होतं.

रामरावजींचा थोरला मुलगा शेखर अकोल्याला वकील मामांना आणायला गेला होता. सहा वाजता मामा येणार आणि मग पोलिसांत तक्रार जाणार. दीपमालानं हत्यारांची पिशवी उचलली तेव्हा तीन वाजले होते.

२

"तू कोणत्या तोंडानं आली वं?" अंकुर दारातच आडवा झाला.

"तुमच्याच तोंडानं." तिनं मोबाईल पुढे धरला. "काल सकाळी तुमीच लिवलं होतं. दिवा एका बाजूनं मंद लागून राहिला, डिमर बिघडलं, येऊन पाहून जाय. तक्रार आली का मले यावंच लागते."

तो मेसेज सोमवारी सकाळी आठचा होता. पाटल्या गेल्याचं कळलं दुपारी. अंकुर घुटमळला. आत सोफ्यावर बसलेल्या रामरावजींनी हातानंच येऊ दे म्हणून खुणावलं. गुडघ्यांना पट्टे बांधलेले ते थोराड गृहस्थ एका दिवसात खचून गेले होते.

स्वयंपाकघराच्या दारात थोरली सून आरती उभी होती. तिनं पाणी आणून दिलं, पण दीपमालाच्या नजरेला नजर दिली नाही. "राहू दे ना वं ते दिव्याचं," ती हळूच म्हणाली. "घरात काय चालू हाय, अन् दिवा कोण पाह्यते!"

"मी पाह्यतो ना वहिनी. अंकुरभाऊ, ते नोंद दाखवा. सगळी, वरपासून."

"सगळी कायले? दोन चौदा पाह्य."

"तुमी तेवढीच पाह्यली, म्हणूनच सांगून राहिली."

सगळी नोंद अशी होती. रविवारी सकाळी ८:३१ ला दिवा मोबाईलवरून चालू, ऐंशी टक्के. ८:३२ ला मोबाईलवरूनच वीस टक्के. ८:३६ ला बंद. ८:५२ ला संपर्क तुटला. दुपारी २:१४ ला चालू, शंभर टक्के. २:३९ ला संपर्क तुटला. रात्री ८:०७ ला चालू, शंभर टक्के.

दीपमालाचा पाय जमिनीवर ताल धरू लागला. विचार करताना तिला ती सवय होती. "बाबाजी, आठ बावनले काय झालं?"

"आमी निघालो," रामरावजी म्हणाले. "मेन बंद केला. मी बाहेरगावी जातानी मेन बंद केल्याशिवाय पाय काढत नाई. मोर्शीले माह्या भावाचा गोठा शॉर्टसर्किटनं जळला, तवापासून नेमच हाय."

"अन् रात्री आठ सातले?"

"आलो. मेन लावला."

"मंग हॉलातला दिवा कोणं लावला?"

रामरावजी विचारात पडले. "कोणंच नाई. दार उघडलं तं तो लागलेलाच होता. लखलखीत."

"हे पाहा आता." तिनं भिंतीवरच्या बटणाला बोट लावून दिवा लावला, मोबाईलवरून वीसवर आणला, बंद केला आणि पुन्हा बोटानं लावला. दिवा वीसवरच लागला, मरगळलेला. मग पोर्चमध्ये जाऊन तिनं मेन खाली ओढला आणि पुन्हा वर केला. बटणाजवळ कोणीही नव्हतं. दिवा आपोआप पेटला, शंभर टक्के. अंकुरच्या मोबाईलवर नवी ओळ आली आणि ती २:१४ च्या ओळीसारखीच होती.

"बोट लावलं का हे बटन मागच्या मापावर येते," दीपमाला म्हणाली. "सकाळी माप वीस ठेवलं होतं. दुपारी कोणं बोट लावलं असतं तं वीस आलं असतं. शंभर कवा येते? मेलेली लाइन जिवंत झाली का मंगच. दोन चौदाले ह्या हॉलात कोणीच नव्हतं बाबाजी. कोणीतरी बाहेर, पोर्चमंधी, मेन लावला."

क्षणभर तिला वाटलं, झालं, सुटली माय. पण अंकुरही शिकलेला होता. "ठीक," तो म्हणाला. "मंग मेन कोणं लावला? रविवारी गल्लीत लाइट गेली नव्हती. आमची किल्ली बाहेरच्या माणसापैकी एकाच बाईले देली आहे. तुह्या मायले."

३

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दीपमालानं सावलीची पर्वा न करता अंगणाला दोन फेऱ्या घातल्या. साडेतीन होऊन गेले होते. आईनं सांगितलं होतं, रविवारी सकाळी दहाला ती आली, फाटकाला हार अडकवला, तुळशीला पाणी घातलं आणि निघाली. ती पोर्चवर चढलीच नव्हती. दीपमालाचा विश्वास होता, पण लेकीच्या विश्वासाला पोलीस चौकीत किंमत किती?

मग पोर्चमधला मेन लावून कोणाला काय मिळणार होतं? घरात शिरायचं नाही, तरी घराची वीज हवी. ती तिसरी फेरी मारताना बोअरवेलच्या मोटरला ठेचकाळली आणि तिथंच थांबली. बोअर रामरावजींच्या अंगणात, मोटरची वायर त्यांच्याच मीटरवर, पण एक पाइप भिंतीपलीकडे शेजारच्या नत्थुजींच्या टाकीत जात होता. उन्हाळ्यात दोन घरांनी एका बोअरवर पाळी लावून भागवायचं, अशी अमरावतीत कित्येक घरांची रीत. इथं दोन दिवस रामरावजींचे, एक दिवस नत्थुजींचा. गेल्या वर्षी भिंतीवरून दोघांचं बिनसलं, बोलणं बंद झालं, पाळी मात्र घड्याळाच्या काट्यावर चालू राहिली.

नत्थुजी तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या खिडकीतला कूलर घुर्र घुर्र करत होता आणि आत त्यांची बायको खाटेवर पडली होती.

"काकाजी, काकी बऱ्या हाय का?"

"कायच्या बऱ्या? ऊन लागलं तिले. शनिवारपासून पडून हाय." म्हातारबुवा वैतागलेले होते. "चोरीचं इचारायला आली असशीन तं मले काई माहीत नाई. मी दुपारी झोपतो."

"चोरीचं नाई, कूलरचं इचारतो. रविवारी दुपारी चालू होता का?"

"नाई तं का! पंचेचाळीस डिग्रीत बंद ठेवून बायको मारू का मी?"

"पाणी कुठचं होतं?"

नत्थुजींची नजर खिडकीतल्या कूलरकडे गेली.

"नळ गुरुवारी आला, मंग सोमवारी," दीपमाला म्हणाली. "माह्या घरीबी तोच नळ हाय. बोअरची तुमची पाळी शुक्रवारची, मंग सोमवारची. अन् हा कूलर दिवसाले दोन पिंप पाणी पिते. रविवारी दुपारी तुमच्या टाकीत पाणी आलं कुठून, काकाजी?"

मग नत्थुजी खाटेच्या कडेला बसले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "टाकी ठणठणीत होती वं. हिच्या तोंडाले फेस आला. रामराव घरी असता तं मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं, खरं सांगतो. पण कुलूप होतं. भिंतीवरून गेलो, मेन लावला, पंचवीस मिनिटं मोटर चालवली अन् मेन होता तसा बंद करून आलो. त्याच्या दाराले हात नाई लावला."

"मंग काल फाटकात सारे माह्या मायले चोर म्हणून राहिले होते, तवा तुमी भिंतीपाशी उभे होते ना?"

"होतो," ते म्हणाले. "पाळी मोडून पाणी घेतलं म्हणलं असतं तं रामरावनं गावभर पाणीचोर केलं असतं मले. वाटलं, पाटल्या सापडतीन कुठंतरी अन् मिटून जाईन."

दीपमालाच्या डोक्यात सणक गेली. पाणीचोर हे नाव नको म्हणून पाटलीचोर हे नाव दुसऱ्याच्या पदरात पडू दिलं! पण खाटेवरच्या म्हातारीकडे बघून ती एवढंच म्हणाली, "चला काकाजी. हेच आता तिकडं येऊन सांगा."

४

नत्थुजींनी सांगितलं. रामरावजींनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते फक्त म्हणाले, "बायको मरून राहिली होती तं कुलूप तोडाचं ना बे." वर्षभरात दोघांत झालेलं हे पहिलं वाक्य.

तेवढ्यात अंकुरचा फोन वाजला. शेखर आणि मामा ठरल्या वेळेआधीच बडनेऱ्याला पोचले होते. तिथून घर म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं.

"तुह्या मायच्या विरुद्ध आता पुरावा नाई, हे मी मानतो," रामरावजी दीपमालाला म्हणाले. "पण पोरी, पाटल्या तं गेल्याच. पोलीस येतीन, किल्ली कोणापाशी होती ते इचारतीन. मी खोटं कसं बोलू?"

तिला ते पटत होतं आणि पटतंय याचाच राग येत होता. पोलिसांच्या एका फेरीत मायची राहिलेली घरंही गेली असती. पुढे चोर दुसराच निघाला तरी 'त्या प्रकरणातली फुलवाली' हे काही पुसलं जाणार नव्हतं. ती हॉलभर येरझाऱ्या घालू लागली.

"बस ना वं जरा," आरती म्हणाली. "चक्कर येऊन राहिली मले तुले पाहून. अन् ते डिमर काढून टाक, साधं बटन लाव. त्या दिव्यानंच सारा घोळ केला."

दिव्याचं नाव निघालं आणि दीपमालानं मान वर केली. ज्या कामासाठी बोलावलं होतं, ते तर राहिलंच होतं! दिवा अजून शंभरवर जळत होता. पंख्याखाली दुधी काचेची वाटी, तिच्यात बल्ब. सोफ्याकडच्या भिंतीवर उजेड स्वच्छ पडला होता. देवघराकडची भिंत मात्र झाकोळलेली होती.

ती पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली.

"अंकुरभाऊ, हे असं कवापासून?"

"रविवारी रात्री आलो तवा दिसलं. म्हणून तं तुले मेसेज टाकला. डिमरच खराब ना?"

"डिमर खराब झालं तं दिवा लुकलुकते, गुणगुणते, नाई तं लागतच नाई. ते दिवा मंद करते भाऊ. अर्धा नाई करत." ती पिशवीतून पेचकस काढत होती. "एकाच बाजूनं उजेड अडला, म्हणजे बल्बाच्या आड काईतरी हाय. मले स्टूल द्या."

स्टूल आणायला कोणी हललं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "चढू नको," आणि तो आवाज आरतीचा होता.

५

दीपमाला स्टूल ओढून चढलीच. वाटीचे तीन स्क्रू तिनं स्वतः बसवले होते. त्यातला एक आता आटा चुकवून तिरपा घुसवलेला होता. वाटी खाली आली आणि तिच्यात हिरव्या खणाच्या कापडाची एक पुरचुंडी निघाली. रामरावजींनी ती सोडली. पाटल्या चकाकल्या.

"कोणं ठेवल्या?" अंकुर बापाकडे बघू लागला, मग स्वतःच्या हातातल्या मोबाईलकडे.

"तुमी नाई ठेवल्या," दीपमाला स्टुलावरूनच म्हणाली. "ज्यानं दिव्यात माल लपवला, तो दिवा दुरुस्त कराले इलेक्ट्रिशियन बोलावत नाई. बाबाजींचे गुडघे स्टुलावर चढत नाईत. शेखरभाऊ तयारीसाठी शनिवारीच वरूडले गेले होते. सकाळी ८:३१ ले कोणीतरी दिवा लावून पाह्यला. ऐंशीवर सावली दिसली, म्हणून मोबाईलवरून वीसवर आणला. वीसवर दिसत नाई. त्या माणसाले वाटलं, आता दिवा वीसवरच राह्यते. मेन बंद होऊन चालू झाला का तो शंभरवर येते, हे त्याले माहीत नव्हतं. ह्या दिव्याचं ॲप दोनच मोबाईलमंधी हाय, त्यातला एक तुमचा. म्याच टाकून दिलं होतं."

तिनं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. आरती भिंतीला टेकून खाली बसली.

"तीन वर्षं आत्याबाई बिछान्यावर होत्या," ती सासूबद्दल म्हणाली, आणि ती रामरावजींशी बोलत होती. "गू-मूत म्या काढलं. मरायच्या आदल्या दिवशी हात धरून बोलल्या, ह्या पाटल्या तुह्या. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तुमी शनिवारी नव्या सुनेचं नाव घेतलं, मले इचारलंबी नाई. वाटलं, लग्नापर्यंत सापडू नाई, बस. चोरायच्या नव्हत्या मले. घरातच तं होत्या."

"मंग सुभद्राबाईचं नाव आलं तवा?" रामरावजींनी विचारलं.

आरती दीपमालाकडे वळली आणि तिनं हात जोडले. "बाई, एक ऐक. खणामागं पडल्या होत्या, सापडल्या, असं सांगू. कोणाचंच नाव नाई. तुही मायबी सुटली, मीबी सुटली. शेखर अन् मामा येऊन राहिले वं."

दीपमालाला तिची कीव आली, खरंच आली. त्या पाटल्यांवर हिचाच हक्क होता असंही तिला वाटलं. पण भिंतीकडे तोंड करून बसलेली पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"माह्या मायचं नाव खोलीत नव्हतं घेतलं वहिनी. फाटकात घेतलं. खणामागं सापडल्या म्हणाल, तं बाया म्हणतीन, फुलवालीनं भिऊन परत आणून टाकल्या."

आरतीनं रामरावजींकडे पाहिलं. ते पाटल्या ओंजळीत धरून बसले होते. "तिनं तुले देल्या होत्या हे मी मानतो," ते म्हणाले. "ते मी माह्यं निस्तरतो. हे तुले निस्तरावं लागन, सूनबाई."

आरती उठली. पदर डोक्यावर घेतला आणि तशीच अनवाणी अंगणात उतरली. पाच वाजून गेले तरी फरशी तापलेली होती. फाटकापाशी त्याच चार बाया उभ्या होत्या, त्यांना अजून आतलं काही कळलं नव्हतं. दीपमाला मागोमाग गेली. तिनं आईला फोन लावला आणि पलीकडून उचलल्यावर काही न बोलता तो पुढे धरला.

"पाटल्या म्या लपवल्या होत्या," आरती म्हणाली. मागच्या दोघींना ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "सुभद्राबाईनं काई घेतलं नाई. तिचं नाव आलं, तवा मले माहीत होतं अन् मी चूप राहिली."

कोपऱ्यावरून गाडी वळली. शेखर आणि मामा उतरले तेव्हा आरती तिसऱ्यांदा तेच सांगत होती आणि चार बायांच्या दहा झाल्या होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी म्हणाली, "बापा बापा, घरातलीच निघाली!"

दीपमालानं फोन कानाला लावला.

"माय, ऐकलं का?"

"ऐकलं." सुभद्राबाईंचा आवाज ओला होता. "तिले आत घेऊन जाय."

"कोणाले?"

"आरतीले वं. त्या बाया आता तिले सोडत नाईत. मले माहीत हाय ना कसं लागते ते. हात धर तिचा अन् आत ने."

दीपमालाला ते अजिबात करायचं नव्हतं. तरी फोन खिशात टाकून ती बायांच्या घोळक्यात शिरली आणि आरतीचा हात धरला.